पाण्याखालचा बंधारा

किनारा वाचवायचा म्हटले, की आपल्याकडे प्रथम आठवतो तो दगड. पावसाळ्यात एखाद्या गावाची माडांची रांग समुद्राने ओढून नेली, की निवेदने जातात, अधिकाऱ्यांची पाहणी होते, धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची निविदा निघते आणि काळ्या दगडांच्या राशी किनाऱ्यावर ओतल्या जातात. लाट आणि वस्ती यांच्यामध्ये भिंत उभी केली, की कर्तव्य संपले, असा हा सरळसोट हिशेब आहे. या हिशेबात एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. भर समुद्रातून निघालेली लाट किनाऱ्याला लागेपर्यंत तिच्यातले बळ किती उरते, आणि जे उरत नाही ते जाते कोठे? या प्रश्नाचे उत्तर किनाऱ्यावर नाही. ते पाण्याखाली, समुद्राच्या तळाशी आहे. तळ जितका ओबडधोबड, तितकी लाट दुबळी होऊन येते. हा खडबडीतपणा म्हणजे निसर्गाने बांधलेला आणि कोणत्याही अंदाजपत्रकात न नोंदलेला बंधाराच होय. तो झिजतो आहे याची दखल दगडांच्या निविदा काढणाऱ्यांनी घ्यावी, अशी वेळ आता आली आहे.

या बंधाऱ्याचे काम समजून घ्यायचे तर लाटेचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागेल. लाट म्हणजे पाण्याचा प्रवास नव्हे, तो ऊर्जेचा प्रवास आहे. लाट जाताना पाण्याचा कण जवळजवळ जागच्या जागीच एक फेरी घेतो. पुढे सरकते ती ऊर्जा. या फेऱ्या खोलीबरोबर लहान होत जातात आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीपाशी नाहीशा होतात. खोल समुद्रात लाटेला तळ ठाऊकच नसतो तो यामुळे. दक्षिण हिंदी महासागरातील वादळात जन्मलेली आणि १५ सेकंदांच्या अंतराने येणारी दीर्घ लाट खोल पाण्यात सुमारे ३५० मीटर लांब असते. पाण्याची खोली पावणेदोनशे मीटरच्या आत आली, की तिला तळाची चाहूल लागते. तेथून तिचा वेग मंदावू लागतो, लांबी आखडते, पुढे उंची वाढते आणि ती उंची पाण्याच्या खोलीच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास पोहोचली, की लाट फुटते. शाळेच्या भूगोलात बहुधा येथेच हा विषय संपतो. लाट फुटते म्हणून तिचे बळ सरते, एवढेच विद्यार्थ्याच्या लक्षात राहते.

ही गोष्ट खरी असली तरी अपुरी आहे. लाट उथळ पाण्यात शिरते तेव्हा तळाजवळच्या फेऱ्या चपट्या होतात आणि तेथील पाणी नुसते पुढे-मागे सरकू लागते. सपाट वाळूवरून सरकताना त्याचे फारसे काही खर्च होत नाही. परंतु त्याच्या वाटेत खडकांच्या कपारी असतील, प्रवाळांच्या फांद्या असतील, उंचवटे आणि खळगे असतील, तर प्रत्येक अडथळ्यामागे एक भोवरा उठतो. मोठ्या भोवऱ्यातून लहान, लहानातून आणखी लहान असे करीत लाटेची शिस्तबद्ध ऊर्जा विस्कळीत होत जाते आणि अखेर जाणवणारही नाही इतक्या अल्प उष्णतेच्या रूपाने पाण्यात विरून जाते. हा व्यय पाण्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तळाशी वेग दुप्पट झाला, तर व्यय आठपट होतो. म्हणजे हा पहारेकरी शांत दिवसांत सौम्य असतो आणि वादळात कठोर होतो. मोठ्या लाटेला तो मोठा कर लावतो. असा न्याय किनाऱ्यावरच्या दगडी भिंतीला साधत नाही.

गेल्या दोन दशकांत हा कर प्रत्यक्ष मोजला गेला आहे. हवाई बेटांपैकी ओआहू येथील कानेओहे उपसागरात प्रवाळाच्या रोधक भित्तीवर केलेल्या मोजमापांचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. भित्तीच्या सपाट माथ्यावर लाटांची ऊर्जा मुख्यतः तळाच्या घर्षणानेच खर्ची पडते आणि हा खर्च वालुकामय किनाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक असतो, असे तेथे आढळले. त्याहून बोलके उदाहरण प्रशांत महासागरातील पाल्मिरा या निर्जनप्राय कंकणद्वीपाचे आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील दाट, निरोगी प्रवाळाचा घर्षणांक सुमारे १.८ इतका निघाला. त्यापूर्वी इतर प्रवाळभित्तींवर मिळालेल्या अंकांच्या तो जवळजवळ दहापट होता. विशेष हे, की ही मोजणी लाटा फुटण्याच्या पट्ट्याबाहेर, सहा ते अकरा मीटर खोल पाण्यात झाली होती. म्हणजे लाट फुटण्याआधीच तिची गाठ या राखणदाराशी पडत होती. निरोगी प्रवाळ आणि झिजलेला प्रवाळ यांच्या संरक्षणशक्तीत केवढे अंतर असू शकते, हे या एका आकड्यावरून कळते.

तीन महासागरांतील अनेक मोजमापे एकत्र करून २०१४ मध्ये केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की प्रवाळभित्ती लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषून घेतात, आणि त्यातला बहुतेक वाटा भित्तीच्या समुद्राकडील माथ्याचा असतो. लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेव्हा ९७ टक्के ऊर्जा गेली, याचा अर्थ तीन मीटर उंचीची लाट अर्ध्या मीटरच्या आसपास येऊन ठेपली. तीन मीटरची लाट घर पाडते. अर्ध्या मीटरची लाट मुलांच्या पायांशी खेळते. या दोहोंतला फरक पाण्याखाली ठरतो. अर्थात त्यात दोन कारणांचा वाटा आहे. भित्तीच्या उंचीमुळे पाणी उथळ होऊन लाट फुटते, हे एक. आणि भित्तीच्या खडबडीत पृष्ठावर उरलेली लाट झिजते, हे दुसरे. प्रवाळ मेल्यावर प्रथम धोक्यात येतो तो दुसरा वाटा, आणि तो सावकाश येतो. खरी मेख येथेच आहे.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. प्रवाळाच्या बाबतीत हे काही काळच खरे ठरते. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापले, की प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. ताप टिकला तर तो मरतो. परंतु त्याचा चुन्याचा सांगाडा त्याच दिवशी कोसळत नाही. फांद्या उभ्या राहतात, कपारी शाबूत असतात, आणि मेलेला प्रवाळही काही वर्षे लाटांना पूर्वीसारखाच अडवत असतो. मग सांगाडा पोखरणारे स्पंज आणि शिंपले, त्यावर चरणारे मासे आणि समुद्री अर्चिन यांचे काम सुरू होते. ढिसूळ झालेल्या फांद्या एखाद्या वादळात मोडून खडी होतात आणि तळ हळूहळू सपाट होत जातो. नवा प्रवाळ वेळेवर रुजला नाही, तर पीळही जातो. रोग आणि मृत्यू यांच्यामध्ये असलेली ही काही वर्षांची सवलत फार फसवी आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही, प्रशासनाला तातडी वाटत नाही, आणि जेव्हा लाट अंगणात येते तेव्हा तिचे कारण दहा वर्षांमागच्या एका उन्हाळ्यात घडून गेलेले असते.

हा कल्पनेचा खेळ नव्हे. तळाचा खडबडीतपणा मोजण्याची पाणबुड्यांची एक साधी रीत आहे. ठराविक लांबीची साखळी प्रवाळाच्या उंचसखल पृष्ठावर चिकटून टाकायची आणि तिने सरळ रेषेत किती अंतर व्यापले ते पाहायचे. तळ खडबडीत असेल तर साखळी कपारींतच जिरते; सपाट असेल तर लांब पसरते. कॅरिबियन समुद्रातील सुमारे दोनशे भित्तींवरील १९६९ ते २००८ या काळातील नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभीच्या काळात अगदी सपाट म्हणता येतील अशा भित्ती सुमारे २० टक्के होत्या; चाळीस वर्षांच्या अखेरीस त्या सुमारे ७५ टक्के झाल्या होत्या. आपल्याच हिंदी महासागरात, सेशेल्स बेटांवर, १९९८ च्या विरंजनानंतर असेच घडले. भित्तीच्या माथ्यावरील प्रवाळ मेल्याने तेथे पाणी जणू खोल झाले आणि किनाऱ्यावर पोहोचणारी लाटांची ऊर्जा वाढल्याचे २००५ मध्ये दाखवून देण्यात आले. फ्रेंच पॉलिनेशियातील मूरेआ आणि ताहिती यांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आणखी स्पष्ट आहे. समुद्राची वाढती पातळी आणि प्रवाळाची हानी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर या शतकाच्या अखेरीस भित्तीमागील लाटांची उंची दुपटीहून अधिक होऊ शकते, आणि त्यात मोठा वाटा भित्तीची गुंतागुंतीची रचना नष्ट होण्याचा असेल, असे त्याचे गणित सांगते.

जे निसर्गात दहा-वीस वर्षांत घडते ते माणूस कुदळीने त्याहून लवकर घडवून आणतो. मालदीवची राजधानी माले हे याचे उदाहरण. लहानशा बेटावर वस्ती वाढत गेली, तेव्हा घरांसाठी आणि भरावासाठी आसपासच्या भित्तींवरचा प्रवाळ खणून काढण्यात आला. भराव टाकीत टाकीत जमीन भित्तीच्या कडेपर्यंत नेण्यात आली. ज्या उथळ पट्ट्यावर लाट झिजत असे, त्याच पट्ट्यावर घरे उभी राहिली. एप्रिल १९८७ मध्ये दूरच्या वादळातून निघालेल्या दीर्घ लाटा मालेवर आदळल्या. स्थानिक वादळ नसतानाही शहरात पाणी शिरले, भरावाची जमीन वाहून गेली, शेजारच्या विमानतळाचेही नुकसान झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपल्या देशाच्या अस्तित्वाची चिंता मांडली. पुढे मुख्यतः जपानच्या आर्थिक साह्याने मालेभोवती काँक्रीटचे लाटरोधक बांध उभे राहिले. त्यांचा खर्च किलोमीटरमागे सुमारे एक कोटी डॉलर धरला जातो. जे काम प्रवाळ विनामूल्य करीत होता, त्याचे हे मोल होते. आणि ते प्रवाळ खणून झाल्यावर कळले.

भारतात याचा धडा मन्नारच्या आखातात मिळाला. रामेश्वरम ते तुतिकोरिन या टापूतील २१ बेटांभोवती प्रवाळभित्ती आहेत. चुन्यासाठी आणि बांधकामासाठी तेथील प्रवाळ कित्येक वर्षे खणला जात होता. १९८६ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, आणि पुढे खाणकाम थांबले. पण तोवर २१ पैकी दोन बेटे पाण्याखाली गेली होती. वान नावाचे तिसरे बेट त्या वाटेवर होते. २०१५ पासून त्याच्यासमोर काँक्रीटच्या हजारो पोकळ चौकटी समुद्रात सोडण्यात आल्या, त्यांवर प्रवाळाची रोपणे करण्यात आली, आणि त्या बेटाची धूप आटोक्यात येऊ लागली. हा उपाय म्हणजे तळाला त्याचा हरवलेला खडबडीतपणा परत देणे एवढाच आहे. आधी फुकटचा खडबडीतपणा खणून विकायचा आणि मग काँक्रीटचा विकत घेऊन त्या जागी ठेवायचा, असा हा उलटा व्यापार झाला.

आज ज्यांचे सर्वस्व या प्रश्नाशी बांधलेले आहे, ते लक्षद्वीपचे रहिवासी होत. २०११ च्या जनगणनेनुसार ६४ हजारांवर लोक दहा बेटांवर राहतात. सर्व बेटांची जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर आहे आणि ती समुद्रापासून एक-दोन मीटरच वर आहे. बहुतेक बेटांच्या पश्चिमेला उथळ खारे सरोवर आणि त्याच्या कडेला प्रवाळभित्ती आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा तेथेच फुटतात आणि तेथेच झिजतात. बेटाखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर असतो. विहिरी त्यावरच अवलंबून असतात. लाटेचे पाणी एकदा बेटावरून गेले, तर तो थर खारा होतो आणि पुन्हा गोडा व्हायला फार वेळ लागतो. भिंत न पडताही, एकही घर न बुडताही, बेट ओस पडू शकते ते असे. मार्शल बेटांतील अभ्यासावरून २०१८ मध्ये संशोधकांनी हाच इशारा दिला. बेटे बुडण्याच्या पुष्कळ आधी, लाटांनी पाणी खारावल्यामुळे ती राहण्यास अयोग्य होतील, असे त्यांचे म्हणणे आहे.

अशा या बेटांभोवतीच्या प्रवाळाने १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ असे चार मोठे उष्णतेचे आघात सोसले आहेत. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती येथील भित्तींची नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी १९९८ ते २०२२ अशी २४ वर्षे पाहणी केली. त्या काळात जिवंत प्रवाळाचे आच्छादन सुमारे निम्म्यावर आले. प्रत्येक आघातानंतर प्रवाळ सावरतो, हे खरे. पण दोन आघातांमधला अवधी कमी होत चालला आहे. दुखणेकऱ्याला अंथरुणातून उठण्यापूर्वीच दुसरा ताप भरावा, तशी ही अवस्था आहे. इकडे बेटांच्या किनाऱ्यांवर टेट्रापॉडच्या रांगा उभ्या आहेत आणि पर्यटनाच्या मोठ्या योजनांची भाषा ऐकू येते. धक्के, गाळउपसा, बोटींसाठी खोल वाटा यांची बेटवासीयांना काही प्रमाणात गरज आहेच. परंतु भित्तीला पाडलेली प्रत्येक खाच ही लाटेला उघडून दिलेली खिडकी असते, हे त्या योजनांच्या कागदांवर कोठे तरी लिहिलेले असावे.

येथे काही आक्षेप निघतील आणि ते गैरलागू नाहीत. पहिला असा, की खडबडीत तळ सर्व प्रकारच्या पाण्यापासून वाचवीत नाही. ते खरेच आहे. वादळी वाऱ्याने फुगून येणारे पाणी किंवा सावकाश वाढणारी समुद्रपातळी यांवर घर्षणाचा लगाम नाही. त्सुनामीच्या लाटेची लांबी किलोमीटरांत मोजावी लागते. तिच्यापुढे प्रवाळाचा प्रभाव किती, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. डिसेंबर २००४ मध्ये श्रीलंकेतील पेरालिया येथे, जेथे प्रवाळ खणला गेला होता, पाणी सुमारे दीड किलोमीटर आत घुसले आणि आगगाडीतील शेकडो माणसे बुडाली. काही किलोमीटरवरच्या हिक्कडुवा येथे, जेथे प्रवाळ राखला होता, ते फार थोडे आत आले, अशी नोंद त्या वेळी झाली. उलट सुमात्रातील आचे प्रांतात पाहणी करणाऱ्यांना असा फरक आढळला नाही. तेव्हा प्रवाळ म्हणजे सर्व संकटांवरचा उतारा नव्हे. पण किनारा झिजतो तो मुख्यतः त्सुनामीने नव्हे. वर्षभर येत राहणाऱ्या साध्या लाटांनी आणि काही थोड्या वादळांनी. तेथे तळाचा अधिकार निर्विवाद आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. लाट आज दारात आहे. प्रवाळ वाढण्याची वाट कोण पाहणार? जेथे दाट वस्ती समुद्राला भिडली आहे, तेथे भिंत बांधावीच लागेल. केरळमधील चेल्लानम येथे लोकांनी वर्षानुवर्षे दरवर्षी घरात समुद्र सोसला. तेथे सुमारे ३४४ कोटी रुपयांच्या योजनेतून सातेक किलोमीटर किनाऱ्यावर टेट्रापॉडचा बंधारा उभारण्यात आला आणि त्या पट्ट्याला दिलासा मिळाला. त्या लोकांना सबुरीचा उपदेश करणे हा क्रूरपणा ठरेल. मात्र भिंतीचे दोषही विसरून चालणार नाही. सपाट उभी भिंत लाट जिरवीत नाही, परतवते. परतलेली लाट भिंतीच्या पायथ्याची वाळू खरवडते, आणि भिंत जेथे संपते तेथून पुढच्या गावाची धूप वाढते. मग तेही गाव भिंत मागते. दगड खचतात, डागडुजी दर काही वर्षांनी येते. भिंत बांधल्या दिवसापासून झिजू लागते. प्रवाळाला उसंत मिळाली, तर तो मात्र वाढतो आणि समुद्राच्या चढत्या पातळीबरोबर काही प्रमाणात वरही सरकतो. भिंत हे शस्त्रक्रियेसारखे आहे. प्रसंगी अपरिहार्य, पण म्हणून आरोग्याची आबाळ करण्याचा परवाना नव्हे.

टेट्रापॉड तरी काय सांगतो? मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला हा चार पायांचा ठोकळा १९५० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथील प्रयोगशाळेत जन्मला आणि मोरोक्कोतील कासाब्लांका येथील वीजकेंद्राच्या रक्षणासाठी पहिल्यांदा वापरला गेला. त्याचे सारे सामर्थ्य त्याच्या वाकडेपणात आहे. हे ठोकळे एकमेकांत अडकतात, त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात, आणि पाणी त्या पोकळ्यांत शिरून भोवऱ्यांत आपले बळ गमावते. अभियंत्यांनी काँक्रीटमध्ये जे घडवले, ते प्रवाळाने आणि खडकाने त्यापूर्वी युगानुयुगे केले होते. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा १९१६ पासून पाण्याच्या अभ्यासाला वाहिलेली आहे. बंदरांच्या लाटरोधकांची प्रतिरूपे तेथे कृत्रिम लाटांपुढे ठेवून पारखली जातात. बांधायच्या दगडाची एवढी पारख करणाऱ्या देशाने, आधीच उभ्या असलेल्या नैसर्गिक दगडाची मोजदाद करू नये, हे विसंगत आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कोकणच्या किनाऱ्याला लक्षद्वीपसारखी प्रवाळाची कडी नाही. मालवणच्या आसपास प्रवाळ आहे; तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर समुद्रात आंग्रिया बँकेचा प्रवाळयुक्त उंचवटा आहे. परंतु किनाऱ्याची रोजची राखण करतात ती खडपे. डोंगराच्या सोंडा समुद्रात उतरतात, त्यांच्या पायथ्याशी भरतीला बुडणारे आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक पसरलेले असतात. सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांची भीती शत्रूच्या गलबतांना होती. तशाच खडकांत लाटही अडखळते. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरातील खडकाळ किनाऱ्यावर झालेल्या मोजमापांतही लाटा फुटण्यापूर्वीच तळाच्या घर्षणाने त्यांची ऊर्जा लक्षणीय प्रमाणात घटते, असे दिसले आहे. तेव्हा जेटीसाठी, रस्त्यासाठी, भरावासाठी खडप फोडताना आपण केवळ दगड फोडत नाही. मागच्या वाळूची आणि तिच्यावरच्या सुरूच्या बनाची तटबंदी फोडतो, याचे भान असायला हवे.

यातून काही साध्या मागण्या निघतात. पहिली म्हणजे मोजणीची. गोव्याच्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हैदराबादचे समुद्री माहितीचे राष्ट्रीय केंद्र आणि खडकवासल्याची शाळा यांच्याकडे लागणारे ज्ञान आहे. हैदराबादचे केंद्र दक्षिणेकडून येणाऱ्या दीर्घ लाटांचे इशारेही देते. केरळात या लाटांना कल्लक्कडल, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, म्हणतात. किनाऱ्याच्या नकाशात जशी वस्ती आणि रस्ते दाखवले जातात, तसा तळाचा खडबडीतपणाही दाखवला जावा आणि दर काही वर्षांनी तो पुन्हा मोजला जावा. दुसरी मागणी हिशेबाची. गाळउपशाच्या, धक्क्याच्या किंवा भरावाच्या प्रत्येक प्रस्तावात किती मीटर भित्ती वा खडप नष्ट होणार आणि त्याजागी तेवढाच बंधारा बांधावा लागला तर किती खर्च येईल, हा आकडा सक्तीने लिहिला जावा. प्रवाळ तोडणे गुन्हा आहेच. पण ज्याची किंमत कागदावर नाही, त्याचे रक्षण करायला कायदाही कचरतो.

तिसरी मागणी पैशाची. मेक्सिकोतील किंताना रो या प्रांताने २०१८ पासून प्रवाळभित्तीचा विमा उतरवण्याची योजना आखली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये डेल्टा चक्रीवादळ आल्यानंतर विम्यापोटी सुमारे साडेआठ लाख डॉलर मिळाले आणि प्रशिक्षित पाणबुड्यांच्या तुकड्यांनी मोडलेले प्रवाळ पुन्हा जागेवर बसवले. पूल खचला तर तो दुरुस्त करतात, तसेच भित्ती मोडली तर ती दुरुस्त करायची, एवढीच यामागची दृष्टी आहे. आपल्याकडे आपत्ती निवारणाचा निधी पडलेल्या भिंतीसाठी मिळतो; भिंतीची गरजच कमी करणाऱ्या प्रवाळासाठीही तो मिळायला हवा. चौथी गोष्ट लक्षद्वीपच्या मच्छीमारांकडून शिकण्याजोगी आहे. गळाच्या काठीने कुप्पा म्हणजे ट्यूना पकडण्याची त्यांची रीत भित्तीवरच्या माशांवर फारसा भार टाकीत नाही. ते मासे शैवाल खाऊन खडक साफ ठेवतात म्हणून नवा प्रवाळ रुजतो. निर्यातीच्या मोहाने भित्तीवरचे मासे उपसले, तर सावरण्याची उरलीसुरली शक्तीही जाईल.

समुद्राचे तापणे एका राज्याच्या, किंबहुना एका देशाच्याही हातात नाही, हे मान्यच आहे. तापमान वाढत राहिले तर कोणत्याही भित्तीचा टिकाव कठीण आहे. परंतु म्हणूनच जे हातात आहे ते सोडून देणे परवडणार नाही. खणणे, उपसणे, बुजवणे आणि सांडपाणी सोडणे या गोष्टी आपल्या आहेत आणि त्या थांबवता येतात. प्रवाळ मेल्यानंतरही त्याचा सांगाडा काही वर्षे पहारा देत राहतो. ती वर्षे म्हणजे संकट टळल्याचा पुरावा नव्हे. ती कामाला लागण्याची मुदत आहे. लक्षद्वीपच्या अनेक भित्तींवर ती मुदत आज चालू आहे. ती दगडांच्या निविदा काढण्यात गेली, तर पुढच्या पिढीला समुद्राशी लढायला दगडच उरतील, आणि ते कधीही पुरे पडणार नाहीत.